गुडघ्याच्या झिजेवर सुईचे उपचार: तुलना आणि निवड कोणत्या क्रमाने करावी

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर, म्हणजे झिजेतून येणाऱ्या दुखण्यावर, मोठी शस्त्रक्रिया न करता सुईने किंवा बारीक नळीने करायचे बरेच उपचार आता उपलब्ध आहेत. स्टिरॉइडचं इंजेक्शन, जेलचं इंजेक्शन, पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन), नसांवरची रेडिओफ्रिक्वेन्सी, रक्तवाहिन्यांचं एम्बोलायझेशन. बहुतेक जण थेट विचारतात, "यातला सगळ्यात चांगला कोणता?" घोळ तिथूनच सुरू होतो, कारण हे उपचार एकाच कामाचे नाहीत. एक सूज उतरवतो, दुसरा नसेतून जाणारा दुखण्याचा संदेश थांबवतो, तिसरा सांध्याच्या सुजलेल्या अस्तराचा जादा रक्तपुरवठा कमी करतो. तुमच्या गुडघ्यात दुखणं कशामुळे आहे हे ठरल्याशिवाय त्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करा. यांपैकी कोणताही उपचार झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) पुन्हा पहिल्यासारखी करतो असं सिद्ध झालेलं नाही. दुखणं कमी करणं आणि हालचाल सुधारणं, एवढंच या उपचारांकडून मागायचं. कूर्चा परत उगवेल असं कोणी सांगत असेल, तर त्या ठिकाणी पुढचा प्रश्न विचारायचीही गरज नाही.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिले चार कंटाळवाणे वाटतात म्हणून लोक ते गाळतात आणि मग पाचव्या टप्प्यावर पैसा आणि महिने दोन्ही घालवतात.

## टप्पा १: दुखणं गुडघ्याच्या झिजेचंच आहे का, ते ठरवा

एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे दुखतं? पूर्ण हात गुडघ्यावर फिरवून "इथे सगळीकडे" म्हणू नका. चालून झाल्यावर, जिना उतरल्यावर, खुर्चीतून उठताना, असं वेगवेगळ्या वेळी बोट ठेवून पाहा.

- बोट आतल्या बाजूला, मांडीचं आणि नडगीचं हाड जिथे भेटतं त्या रेषेवर जात असेल, तर झीज बहुधा आतल्या कप्प्यात आहे. हे सर्वांत जास्त आढळतं.
- दुखणं वाटीभोवती असेल आणि सपाट चालताना कमी पण जिन्यावर व खुर्चीतून उठताना जास्त होत असेल, तर वाटीच्या मागचा सांधा तपासायला हवा.
- बोट सांध्याच्या रेषेच्या चार-पाच सेंटिमीटर खाली, आतल्या बाजूला जात असेल, तर तिथल्या स्नायुबंधांखालची पिशवी सुजलेली असू शकते. तिचा इलाज वेगळा आहे, सांध्यात सुई घालून ती बरी होत नाही.
- गुडघा दुखतो, पण मोजे घालायला वाकताना जांघेत कळ येते? आधी खुबा तपासून घ्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि ती नेहमीच निसटते.
- दुखणं पोटरीपर्यंत उतरतं, मुंग्या येतात? मग कंबरेच्या मणक्याकडे पाहावं लागेल.

वय ४५ किंवा त्याहून जास्त, दुखणं हालचालीने वाढणारं, आणि सकाळचा ताठरपणा अजिबात नाही किंवा ३० मिनिटांच्या आत मोकळा होणारा, असं चित्र असेल तर झिजेचं निदान डॉक्टर तपासणीवरूनच करू शकतात. ताठरपणा तासभर टिकत असेल आणि बोटांचे, मनगटांचे सांधेही सुजत असतील, तर तो दाहक संधिवात असू शकतो.

सावधान: गुडघा एकाएकी लाल, गरम आणि टम्म सुजला, सोबत ताप आहे, पाय टेकवत नाही, तर ही झीज नव्हे. जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

## टप्पा २: एक्स-रे उभं राहून काढा, एमआरआयची घाई करू नका

झिजेसाठीचा एक्स-रे दोन्ही पायांवर वजन देऊन, उभं राहून काढायचा असतो. आडवं झोपून काढला तर दोन हाडांमधली जागा प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते आणि झीज लपते. हातात जुनी फिल्म असेल तर ती उभ्याने काढली होती का, हे आधी पाहा. नसेल तर पुन्हा काढा. वाटीचा सांधा पाहायला गुडघा वाकवून वेगळा फोटो घ्यावा लागतो.

अहवालात किंवा डॉक्टरांच्या तोंडी 'ग्रेड' येईल. १९५७ साली मांडलेली केलग्रेन-लॉरेन्स प्रतवारी त्यासाठी आजही वापरतात. शून्य म्हणजे झीज नाही, चार म्हणजे हाडाला हाड जवळपास टेकलेलं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पाचव्या टप्प्यात तो लागेल. मात्र ग्रेड म्हणजे दुखण्याची मोजणी नव्हे. ग्रेड चार असून रोज फिरायला जाणारे लोक आहेत आणि ग्रेड दोनवर जिना न चढवणारेही.

एमआरआयने उलट गोंधळ वाढतो. त्यात बहुतेक वेळा 'गादी (दोन हाडांमधला मेनिस्कस) फाटली आहे' असं येतं आणि माणूस घाबरतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथे मध्यमवयीन व वयस्कर लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्यात काहीच त्रास झालेला नव्हता. या वयात फाटलेली गादी हा झिजेचाच एक भाग असतो. गुडघा खरोखर अडकून बसत असेल, नुकतीच इजा झाली असेल, किंवा एका रात्रीत तीव्र दुखणं सुरू झालं असेल, तर मात्र एमआरआय करून घ्यावा.

## टप्पा ३: पाया घातला आहे का, ते प्रामाणिकपणे तपासा

"व्यायाम करून झाला, काही उपयोग नाही" असं म्हणण्याआधी स्वतःला विचारा: आठवड्यातून किती वेळा केला? किती आठवडे? त्यात जोर वाढवत नेला का? शेक आणि मशीन लावून घेणं म्हणजे व्यायाम नव्हे. झोपून पाय सरळ उचलण्याचा एकच प्रकार महिनोन्‌महिने करणं हाही पुरेसा व्यायाम नव्हे. मांडीचे, खुब्याचे आणि पोटरीचे स्नायू, आठवड्यातून दोन-तीन वेळा, सलग १२ आठवडे, हळूहळू वजन किंवा रबरी पट्ट्याचा ताण वाढवत, असं झालं असेल तर व्यायाम झाला म्हणायचं.

व्यायाम करताना थोडं दुखलं म्हणून थांबू नका. दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं, जे २४ तासांत आपल्या नेहमीच्या पातळीवर येतं, ते चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर भार कमी करा, व्यायाम बंद करू नका.

मी यावर एवढा भर देतो त्याला कारण आहे. २०२० साली १५६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत एका गटाला फिजिओथेरपी दिली, दुसऱ्याला सांध्यात स्टिरॉइडची इंजेक्शनं. वर्षाअखेरीस दुखणं आणि हालचाल, दोन्हींत फिजिओथेरपीचा गट पुढे होता. म्हणजे जी गोष्ट लोक सुईच्या आधीची औपचारिकता समजतात, ती सुईपेक्षा जास्त टिकली.

वजन जास्त असेल तर तेही याच टप्प्यात. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्यांआधी त्याच वर्गातलं लावायचं जेल, उदाहरणार्थ डायक्लोफेनॅकचं, काही आठवडे नियमित लावून पाहा. जठर आणि मूत्रपिंडाला त्याचा त्रास गोळ्यांपेक्षा बराच कमी.

तपासा: १२ आठवडे झाले नसतील, तर दुखण्यामुळे व्यायामच करता येत नसेल तेव्हाच पुढे जा. अशा वेळी इंजेक्शनचं काम व्यायामाला वाट करून देणं, एवढंच.

## टप्पा ४: उपचाराआधीचे आकडे लिहून ठेवा

हा टप्पा जवळजवळ कुणीच करत नाही. तीन महिन्यांनी "बरं वाटतंय का?" असं विचारलं की उत्तर त्या दिवशीच्या मनःस्थितीवर येतं.

उपचाराच्या आधीचे सात दिवस रोज रात्री तीन आकडे लिहा: सपाट चालताना, जिना उतरताना आणि रात्री झोपेत दुखणं शून्य ते दहापैकी किती होतं. सात दिवसांची सरासरी काढा. दिवसाला किती वेदनाशामक गोळ्या लागल्या तेही लिहा.

मग एक साधी चाचणी. बिनहाताची, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. झिजेच्या अभ्यासांत वापरली जाणारी ही मान्य चाचणी आहे. तोल जाण्याची भीती असेल तर शेजारी कुणीतरी उभं हवं.

उपचार लागू पडला असं कधी म्हणायचं, तेही आत्ताच ठरवा. दुखण्यात किमान ३० टक्के घट झाली तर फरक अर्थपूर्ण मानतात, ५० टक्के म्हणजे चांगला गुण. आज सरासरी ७ असेल तर उपचारानंतर ती ५च्या खाली यायला हवी. ७ची ६ झाली तर तो उपचार तुम्हाला लागू पडलेला नाही, मग तो कितीही नवा असो.

## टप्पा ५: एकेक उपचार नीट समजून घ्या

पुढे जाण्याआधी एक कळीची गोष्ट. गुडघ्याच्या अभ्यासांत नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या लोकांनाही बऱ्यापैकी आराम पडतो, आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. दुखणं स्वतःच चढत-उतरत असतं आणि लोक उपचाराला जातात ते दुखणं शिखरावर असताना, हेही त्यामागे आहे. त्यामुळे "आमच्या इतक्या पेशंटना गुण आला" याला फारसा अर्थ नाही. नकली उपचाराशी तुलना केल्यावर किती फरक उरला, तेवढंच पाहायचं.

### स्टिरॉइडचं इंजेक्शन

गुडघ्यात पाणी झालंय, अस्तर सुजलंय, दुखणं अचानक भडकलंय, अशा वेळी उपयोगी. डॉक्टर आधी सुईने पाणी काढतात. सिरिंजमध्ये आलेलं पाणी फिकट पिवळं, आरपार दिसणारं असेल तर ते झिजेतलं नेहमीचं पाणी. ते गढूळ, पूसारखं दिसलं तर इंजेक्शन तिथेच थांबवून पाणी तपासायला पाठवायला हवं. हे पाहिल्याशिवाय स्टिरॉइड सोडणं चूक आहे, हे पेशंटलाही माहीत असावं.

गुण काही दिवसांत येतो आणि साधारण चार ते सहा आठवडे टिकतो, काहींना थोडा जास्त. दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिने हवेत. पण "दर तीन महिन्यांनी घेतलंच पाहिजे" असा अर्थ त्यातून काढू नका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४० रुग्णांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन (एक स्टिरॉइड) किंवा मिठाचं पाणी दिलं. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता आणि स्टिरॉइडच्या गटात कूर्चा जास्त कमी झाली होती. भडका शमवायला एखादं, ठरलेलं वेळापत्रक म्हणून नको.

सावधान: मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, कधी आठवडाभर. घरी मोजण्याची सोय आधी करा आणि वाढली तर काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. दोन्ही गुडघ्यांना एकाच दिवशी घेतलं तर डोस दुप्पट होतो, हे लक्षात असू द्या.

### जेलचं म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडचं इंजेक्शन

गुडघ्यातलं वंगण कमी झालंय, ते बाहेरून भरू, ही कल्पना पटकन पटते, म्हणून हे इंजेक्शन खपतं. उत्पादनानुसार एक किंवा आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच सुया असतात. २०२२ साली १६९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. नकली इंजेक्शनापेक्षा दुखण्यातला फरक इतका लहान निघाला की रुग्णाला तो जाणवेलच असं नाही, आणि गंभीर दुष्परिणाम काहीसे जास्त होते. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने त्याच वर्षी हे देऊ नका असं स्पष्ट म्हटलं. काही संस्था निवडक रुग्णांसाठी दार उघडं ठेवतात. माझं मत विचाराल तर या यादीत पैसे वाचवायची पहिली जागा हीच.

घेतलंच असेल तर माहीत असावं: काहींचा गुडघा एक ते तीन दिवसांत खूप सुजतो आणि संसर्गासारखाच दिसतो. घरी बसून अंदाज बांधू नका, पाणी काढून तपासावंच लागतं. काही उत्पादनं कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात, पक्षिजन्य पदार्थांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

### पीआरपी

तुमचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा (रक्त गोठवणाऱ्या पेशींचा) दाट भाग सांध्यात सोडतात. अडचण अशी की पीआरपी नावाची एकच एक गोष्ट नाही. प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, सुया किती, सगळं जागोजागी वेगळं. त्यामुळे अभ्यासही एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत सौम्य ते मध्यम झिजेत सहा ते बारा महिने बरा गुण दिसला. पण ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचणीत वर्षभरानंतर मिठाच्या पाण्यापेक्षा ना दुखण्यात लक्षणीय फरक होता, ना कूर्चेच्या घनफळात.

ग्रेड दोन किंवा तीन, पाया घालून झालेला, आणि अनिश्चितता समजून घेतलेली, अशा माणसाने विचार करायला हरकत नाही. ग्रेड चारवर पीआरपी घेणं ही वारंवार दिसणारी चूक आहे. दुसरी चूक म्हणजे दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून निराश होणं. याचा गुण सावकाश येतो. आणि तिसरी, इंजेक्शनच्या आसपास आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेणं. त्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणू शकतात म्हणून डॉक्टर त्या काही दिवस आधी आणि नंतर बंद ठेवायला सांगतात. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

### नसांवरची रेडिओफ्रिक्वेन्सी

गुडघ्याचं दुखणं मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसा सांध्याभोवती असतात. त्यांपैकी सहसा तीन निवडतात: वरची आतली, वरची बाहेरची आणि खालची आतली. खालच्या बाहेरच्या बाजूला पाऊल उचलणारी महत्त्वाची नस जवळून जाते, म्हणून ती जागा टाळतात. एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या मदतीने सुईचं टोक नसेजवळ नेऊन उष्णता देतात. नेहमीच्या पद्धतीत टोकाचं तापमान साधारण ८० अंश सेल्सिअस असतं. दुसऱ्या, 'कूल्ड' पद्धतीत टोक पाण्याने थंड राखतात, त्यामुळे मोठा भाग निष्क्रिय होतो. गुडघ्याच्या झिजेसाठी तिला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१७ साली मान्यता दिली.

हा उपचार सांध्यात जातच नाही. त्यामुळे ग्रेड चार असूनही गुण येऊ शकतो, आणि हृदयविकार किंवा वयामुळे शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांसाठी मला या यादीतला हाच सर्वांत कामाचा वाटतो. आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. नस पुन्हा वाढते, दुखणं परत येतं, उपचार पुन्हा करता येतो. झीज मात्र होती तिथेच राहते.

आधी चाचणी म्हणून त्याच नसांजवळ थोडं बधिर करणारं औषध टोचतात, आणि याच दिवशी सर्वाधिक घोटाळा होतो. टोचून घेतलं, घरी जाऊन पलंगावर पडलं, आणि संध्याकाळी "हो, बरं वाटलं" म्हणून फोन केला. अशी चाचणी वाया गेली. औषधाचा असर काही तासच असतो. त्या तासांतच नेहमी दुखतं तेच करायचं: जिना चढा-उतरा, खुर्चीतून दहा वेळा उठा, नेहमीचं अंतर चाला, आणि दर अर्ध्या तासाने आकडा लिहा. दुखणं निम्म्याहून कमी झालं तरच पुढची रेडिओफ्रिक्वेन्सी करण्यात अर्थ आहे. चाचणी न करता थेट जाळायला निघालेल्या ठिकाणी कारण विचारा.

उपचारानंतर एक-दोन आठवडे जागा हुळहुळी राहणं, थोडी त्वचा बधिर होणं, निळसर डाग पडणं हे होतं. पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

### रक्तवाहिन्यांचं एम्बोलायझेशन

झिजलेल्या सांध्याच्या सुजलेल्या अस्तरात नव्या, नको असलेल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्यासोबत दुखण्याच्या नसाही वाढतात. बहुधा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी गुडघ्यापर्यंत नेऊन, सूक्ष्म कण सोडून त्या वाहिन्या बंद करायच्या, अशी ही कल्पना. जपानमधल्या युजी ओकुनो यांच्या गटाने गुडघ्यावरचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले, त्यानंतर तिचा प्रसार झाला. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे पडद्यावर पाहत नळीने उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं.

सुरुवातीचे निकाल उत्साह वाढवणारे होते, पण नकली उपचाराशी तुलना झाली तेव्हा चित्र धूसर झालं. नेदरलँड्समधल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार महिन्यांनी दोन्ही गटांना आराम होता आणि त्यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. सौम्य ते मध्यम झीज, बोटाने दाबल्यावर ठरावीक जागी दुखणं आणि अस्तराला सूज, अशांना फायदा होण्याची शक्यता जास्त मानतात. तूर्त हा उपचार संशोधनाच्या चाचणीचा भाग म्हणून किंवा नोंदी काटेकोर ठेवणाऱ्या ठिकाणीच घ्यावा. गुडघ्याच्या त्वचेवर तात्पुरते डाग आणि नळी घातलेल्या जागी रक्त साकळणं हे माहीत असलेले त्रास. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) वापरतात, म्हणून मूत्रपिंडाची तपासणी आधी हवी.

### यादीतून काढून टाकायचे दोन

झिजेच्या दुखण्यासाठी दुर्बिणीने गुडघा धुऊन साफ करणं. २००२ साली नुसती चीर देऊन शिवलेल्या नकली शस्त्रक्रियेशी त्याची तुलना झाली आणि फरक निघाला नाही. २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशीने जवळपास सर्वच झिजेच्या रुग्णांसाठी ते करू नये असं ठामपणे सांगितलं. दुसरं म्हणजे स्टेम सेल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन प्रकारच्या पेशी-उपचारांची स्टिरॉइडशी तुलना झाली. वर्षाअखेरीस एकही प्रकार साध्या स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.

## टप्पा ६: तुमचं चित्र आणि उपचार जुळवा

वहीतली ग्रेड, दुखण्याची जागा आणि सूज आहे की नाही, हे तीन समोर ठेवा.

पाणी होऊन दुखणं भडकलं असेल तर एक स्टिरॉइड, आणि मिळालेल्या चार-सहा आठवड्यांत व्यायाम जोमाने. सूज नाही, ग्रेड दोन-तीन, दुखणं रोजचं आणि रेंगाळणारं, तर पाया आणखी मजबूत करा. त्यानंतरच पीआरपीचा विचार. ग्रेड तीन-चार आणि शस्त्रक्रिया नको किंवा शक्य नाही, तर नसांची चाचणी आणि मग रेडिओफ्रिक्वेन्सी. दुखणं प्रामुख्याने वाटीमागचं असेल तर वरीलपैकी बहुतेक अभ्यासांचे निकाल तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवा.

सावधान: एका वेळी एकच उपचार. स्टिरॉइड आणि जेल एकत्र, पाठोपाठ पीआरपी, असं 'पॅकेज' घेतलं तर कशाने फरक पडला आणि त्रास झाला तर कशामुळे, हे कधीच कळणार नाही.

## टप्पा ७: होकार देण्याआधी विचारा

ही उत्तरं लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे.

1. माझ्या गुडघ्यात दुखणं कशामुळे आहे असं तुम्हाला वाटतं, आणि हा उपचार नेमकं त्यावर कसा काम करतो?
2. नकली उपचाराशी तुलना झालेली आहे का? फरक किती होता?
3. सुई सोनोग्राफीत पाहून घालणार का?
4. पीआरपी असेल तर प्लेटलेटची संख्या मोजता का, पांढऱ्या पेशी काढता का?
5. गुण आला नाही तर पुढे काय? याचं उत्तर "आणखी एक इंजेक्शन" एवढंच असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

## टप्पा ८: तयारी आणि नंतरचे दिवस

चालू औषधांची यादी सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बहुतेक सांध्यातल्या इंजेक्शनांसाठी बंद कराव्या लागत नाहीत, धमनीतून करायच्या उपचाराचं गणित वेगळं असतं. दोन्ही बाबतींत निर्णय गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा. बधिर करणाऱ्या औषधाची किंवा कॉन्ट्रास्टची ॲलर्जी सांगा. गुडघ्यावर जखम, पुरळ, किंवा शरीरात कुठेही संसर्ग असेल, दाताचा असो वा लघवीचा, तर तारीख पुढे ढकला. जायला-यायला सोबत हवी, त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका.

सांध्यातल्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवस दगदग नको, पण पलंग धरून बसायचंही नाही. घरातलं चालणं चालू ठेवा. या काळात टबमध्ये किंवा तलावात उतरू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं थोडं वाढू शकतं, बर्फाने शेका. तिसऱ्या दिवशी ते उतरायला हवं.

सावधान: तिसऱ्या दिवसापासून दुखणं चढतच गेलं, गुडघा गरम झाला, ताप आला, तर फोनवर सल्ला मागत बसू नका. त्याच दिवशी गुडघ्यातलं पाणी तपासून घ्या. सांध्यातला संसर्ग क्वचित होतो, पण उशीर झाला तर काही दिवसांत सांधा खराब करतो.

दुखणं कमी झालं की लगेच व्यायाम पुन्हा सुरू, आणि या वेळी जोर वाढवत. आराम मिळालेले आठवडे नुसते बसून घालवणं ही या टप्प्यावरची सर्वांत महागडी चूक. औषधाचा असर ओसरतो तेव्हा स्नायू पहिल्याइतकेच कमकुवत असतील, तर दुखणंही पहिल्याइतकंच परत येतं.

## टप्पा ९: ठरलेल्या दिवशी मोजा आणि मग ठरवा

स्टिरॉइडसाठी चौथ्या आठवड्यात, रेडिओफ्रिक्वेन्सीसाठी सहाव्या आठवड्यात आणि सहाव्या महिन्यात, पीआरपी व एम्बोलायझेशनसाठी तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात चौथ्या टप्प्यातली मोजणी जशीच्या तशी पुन्हा करा. तीच खुर्ची, तेच तीन आकडे, सात दिवसांची सरासरी. दुखणं उतरलं पण गोळ्या दुप्पट झाल्या असतील तर तो उपचाराचा गुण नव्हे.

३० टक्के घट नसेल तर यादीतल्या पुढच्या नावाकडे उडी मारू नका. पहिल्या टप्प्यांकडे परत जा: खुबा तपासला होता का? व्यायाम खरोखर १२ आठवडे झाला का? बऱ्याचदा उत्तर तिथे सापडतं.

रात्रीची झोप मोडणारं दुखणं, दिवसेंदिवस चालण्याचं अंतर घटणं, पाय धनुष्यासारखा वाकत जाणं आणि एक्स-रेत ग्रेड तीन-चार, हे सगळं एकत्र असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा. झीज एकाच कप्प्यात असेल तर तेवढाच भाग बदलता येतो, आणि वय कमी असेल तर हाडाची रेष सरळ करण्याचा पर्यायही असतो, हे तिथे आवर्जून विचारा. या भेटीची तारीख ठरली की सांध्यात कोणतीही नवी सुई घेऊ नका. सांधा बदलण्याआधीच्या तीन महिन्यांत घेतलेल्या इंजेक्शनाने नव्या सांध्यात संसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि नुकतंच इंजेक्शन झालं असेल तर बहुतेक शल्यचिकित्सक शस्त्रक्रियाच पुढे ढकलतात.